न विसरणारं विसरण

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर चौथ्या दिवशी काका बांधावर उकिडवे बसले आणि खुरप्याने चार बोटं माती उकरली. वरचा पापुद्रा वाळून पांढरट पडला होता, खाली काळीभोर ओल. मूठभर माती घेऊन त्यांनी तिचा लाडू वळला आणि उभं राहून कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडला. लाडू फुटला नाही, नुसता चपटा झाला.

"आनखी वापसा न्हाई," काका म्हणाले. "वळवानं आधीच भिजलेलं रान हाय. हेला मागचं समदं ध्यानात ऱ्हातं."

मी लातूरला कॉलेजात गणित शिकवतो आणि सुट्टीत औशाकडे गावी जातो. वापसा म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो: जमिनीत पाणीही पुरेसं आणि हवाही पुरेशी, औत घातलं तर माती फाळाला चिकटत नाही, बी टाकलं तर कुजत नाही, अशी अवस्था. मुरमाड रानात ती लवकर येते. भारी काळ्या रानात ती कधी येईल हे शेवटच्या पावसावरच नाही, त्याच्या आधीच्या पावसांवरही ठरतं. काकांचं बोलणं ऐकून मला हसू आलं, कारण महिनाभर मी लॅपटॉपवर नेमकी हीच झटापट करत होतो. माती मागचं लक्षात ठेवते हे समीकरणात लिहायचं कसं? आणि लिहिलं, तर ते कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायचं कसं?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात डिफ्यूजनला 'विसरण' असा शब्द आहे. पाण्याच्या ग्लासात शाईचा थेंब टाकला की ढवळलं नाही तरी तो हळूहळू पसरतो, ते विसरण. शब्द संस्कृतातला, 'पसरणे' या अर्थाचा. पण वर्गात तो उच्चारला की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी विचारतं, "सर, काय विसरायचं?" पोरं हसतात. मला मात्र अलीकडे वाटायला लागलंय की ती चुकीची ऐकलेली गोष्टच गणिताने खरी आहे. साधं विसरण खरोखरच विसरतं. फूरिएने १८२२ मध्ये उष्णतेसाठी आणि फिकने १८५५ मध्ये विरघळलेल्या पदार्थांसाठी जे समीकरण मांडलं, त्याला एवढंच लागतं: या क्षणी कुठे किती शाई आहे. ती तिथे कशी आली, कधी आली, वाटेत कुठे थांबली, याची त्याला गरज नाही. आजचा फोटो द्या, उद्याचा घ्या.

या विसराळू पसरण्याची एक ठरलेली चाल आहे. एका दिवसात शाई एक वीत पसरली असेल, तर दोन विती जायला दोन नाही, चार दिवस लागतात. तीन विती जायला नऊ. अंतर दुप्पट, वेळ चौपट. आइनस्टाइनने १९०५ मध्ये याचं कारण सांगितलं: प्रत्येक कण दारुड्यासारखा चालतो. एक पाऊल पुढे, एक मागे, पुन्हा पुढे, आणि एकाही पावलाचा आधीच्या पावलाशी संबंध नाही. अशा चालीत खूप पावलं टाकूनही माणूस फार लांब जात नाही.

आता या दारुड्याला आमच्या गावात आणा. आमच्या गावातून या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पारावर कुणीतरी हाक मारतो, "बसा की." दोन मिनिटं बसून उठणारे पुष्कळ असतात, पण एखादा तासभर बसतो, आणि एखादा असा बसतो की जेवायच्या वेळेला घरचं पोरगं शोधायला येतं. या थांबण्यांची सरासरी काढायला गेलात तर ती ठरतच नाही. जितके दिवस मोजाल तितकी ती वाढत जाते, कारण कधीतरी येणारा एखादाच राक्षसी मुक्काम सगळ्या छोट्या थांब्यांना झाकून टाकतो. अशा गर्दीचं पसरणं मंदावतं. मंदीचं माप एका संख्येने सांगतात, तिला अल्फा म्हणतात. अल्फा १ असेल तर नेहमीचं विसरण. अल्फा अर्धा असेल तर अंतर दुप्पट व्हायला वेळ चौपट नाही, सोळापट लागतो. एक वीत एका दिवसात, दोन विती सोळा दिवसांत, तीन विती एक्याऐंशी दिवसांत.

इथे आठवणीचा प्रश्न आपोआप उभा राहतो. पारावर आत्ता दहा माणसं बसलीत एवढं सांगून भागत नाही. दोन मिनिटांपूर्वी बसलेला लगेच उठेल, सकाळपासून बसलेला बहुधा दुपारही तिथेच काढेल. म्हणजे पुढचं सांगायचं तर कोण कधीपासून बसलाय हे माहीत हवं. नुसता फोटो पुरत नाही, सकाळपासूनचा व्हिडिओ लागतो. कण स्वतः काही लक्षात ठेवत नाही. पण मुक्काम लांबत जाणारे असले की सगळ्यांच्या मिळून हिशेबात भूतकाळ शिरतो.

हे गणित शेतातून आलेलं नाही. त्याचं एक उगमस्थान आहे झेरॉक्स. कोपऱ्यावरच्या दुकानात आधार कार्डाची कॉपी काढून देणारं यंत्र ज्या प्रकाशसंवेदी थरावर चालतं, तसल्या वेड्यावाकड्या रचनेच्या पदार्थांत विद्युतभार कसा सरकतो हे कोडं होतं. भार वाटेतल्या खड्ड्यांत अडकतात, कधी क्षणभर, कधी फार काळ. शेर आणि माँट्रोल या दोन शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये लांबणाऱ्या मुक्कामांच्या हिशेबाने ते कोडं सोडवलं. जमिनीखालच्या पाण्यातही तेच दिसलं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस इथे, हवाई तळाच्या जागेत, भूजलात खुणेचे पदार्थ सोडून ते कुठे जातात हे १९८० च्या दशकापासून मोजलं गेलं. बराचसा पदार्थ सोडला तिथेच रेंगाळला आणि थोडासा फारच लांब पोचला. नेहमीच्या समीकरणात यातलं काहीच बसत नव्हतं.

काळ्या मातीत ही दोन्ही सोंगं एकाच रानात दिसतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ खाली धावतं. ढेकळाच्या पोटात मात्र तेच पाणी मुंगीच्या पावलाने शिरतं आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. मातीचा चिकण भाग पाणी पिऊन फुगतो, भेगा मिटतात, म्हणजे रस्ताच बदलतो. एवढं सगळं एका अल्फामध्ये मावेल असा माझा दावा नाही. जो तसा दावा करतो त्याने आधी एक हंगाम आमच्या रानात काढावा. पण ढेकळाच्या पोटातला संथपणा मांडायला साध्या समीकरणापेक्षा आठवण असलेलं समीकरण जास्त प्रामाणिक आहे, एवढं मी म्हणेन.

आठवण लिहायची कशी? उत्तर एका विचित्र प्रश्नात दडलेलं आहे. डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर. तो एकदा काढता येतो, दोनदा काढता येतो. अर्धी वेळा काढला तर? लाइबनिट्झने लोपिताल या फ्रेंच गणितज्ञाला ३० सप्टेंबर १६९५ च्या पत्रात यावर लिहिलं. आज यात विरोधाभास दिसतो, पण यातून एक दिवस उपयोगाचं काही निघेल, असा त्याचा सूर होता. ३० सप्टेंबर ही तारीख लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेगळ्याच कारणाने पाठ आहे. १९९३ च्या त्या पहाटे किल्लारीची जमीन हलली. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही, पण मी ती तारीख पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबलो होतो. पुढे भूकंपाचा संबंध खरोखरच येणार आहे.

अर्ध्या डेरिव्हेटिव्हचं काम हाताने करून बघता येतं. रोजची ओल वहीत लिहिली आहे असं समजा. बदल म्हणजे आजची ओल वजा कालची. 'एक दिवस मागे जा' या क्रियेला म हे अक्षर देऊ. मग बदल काढणं म्हणजे (१ − म). दोनदा बदल काढणं म्हणजे त्याचा वर्ग: १ − २म + म², आजची वजा कालची दुप्पट अधिक परवाची. आता अर्धी वेळा बदल काढायचा तर (१ − म) चं वर्गमूळ हवं. ते असं येतं:

१ − म/२ − म²/८ − म³/१६ − ५म⁴/१२८ − …

कागद घ्या आणि या ओळीला तिनेच गुणा. म चे दोन अर्धे मिळून उणे एक होतात. म² ला दोनदा उणे एक-अष्टमांश म्हणजे उणे पाव, आणि अर्धा गुणिले अर्धा म्हणजे अधिक पाव, गेलं. म³ लाही तसंच कटतं. शेवटी उरतं फक्त १ − म. दोनदा अर्धा म्हणजे एकदा पूर्ण, हिशेब पैशाला पैसा. ग्रुनवाल्ड (१८६७) आणि लेत्निकोव्ह (१८६८) यांनी हा रस्ता घातला.

पण त्या टिंबांकडे बघा. पूर्ण डेरिव्हेटिव्ह दोन नोंदींत संपतो, आज आणि काल. अर्धा संपतच नाही. त्याला काल, परवा, तेरवा, थेट पहिल्या दिवसापर्यंतची प्रत्येक नोंद लागते, फक्त मागे जावं तसं वजन घटत जातं. 'हेला मागचं समदं ध्यानात ऱ्हातं' हे गणितात लिहायचं ते असं. पसरण्याच्या समीकरणात वेळेचा डेरिव्हेटिव्ह पूर्ण न घेता अपूर्णांकी घेतला की मिळतं ते अपूर्णांकी विसरणाचं समीकरण.

प्रत्यक्ष हिशेबात बहुतेक जण थोडं वेगळं रूप वापरतात, आणि इथे भूकंप येतो. मिकेले कापुटो हा इटालियन भूभौतिकशास्त्रज्ञ भूकंपलहरी खडकातून जाताना कशा विरतात याच्या मागे होता. खडकही आधीचे ताण लगेच विसरत नाही. १९६७ मध्ये त्याने अपूर्णांकी डेरिव्हेटिव्हची जी व्याख्या वापरली ती आज त्याच्या नावाने चालते. तिच्यात वजन ओलीला नाही, ओलीतल्या बदलाला देतात. त्यामुळे रान पहिल्या नोंदीपासून जसंच्या तसं राहिलं तर उत्तर शून्य येतं, जे शेतकऱ्यालाही पटतं. अल्फा अर्धा असेल तर वजनं वर्गमुळांतल्या फरकांची. १ चं वजा ० चं, २ चं वजा १ चं, ३ चं वजा २ चं, असं पुढे: १, ०.४१४, ०.३१८, ०.२६८, ०.२३६… आजच्या बदलाला वजन १, कालच्याला ०.४१४, परवाच्याला ०.३१८. हे आकडे जरा ध्यानात ठेवा, पुढे त्यांच्यावरच सगळं अडणार आहे.

इथवर समीकरण झालं. आता कॉम्प्युटर. लोकांना वाटतं समीकरण दिलं की कॉम्प्युटर उत्तर देतो. देतो, पण ते उत्तर असेलच असं नाही.

आधी आठवण नसलेलंच उदाहरण घेऊ. जमिनीचे एकाखाली एक थर कल्पा. मधल्या थरात ओल १, बाकी कोरडे. नियम असा: प्रत्येक पावलाला प्रत्येक थराने आपल्यातला पाव हिस्सा वरच्याला आणि पाव हिस्सा खालच्याला द्यायचा. पहिल्या पावलाला मिळतं पाव, अर्धा, पाव. छान. आता मला घाई आहे, म्हणून मी वेळेचं पाऊल चौपट मोठं घेतो. पाव हिस्सा होता तिथे पूर्ण हिस्सा होतो. जवळ एकच भाकरी, आणि दोन्ही शेजाऱ्यांना एकेक देऊ केली. मधला थर कर्जात जातो:

१, −१, १

पुढच्या पावलाला १, −२, ३, −२, १. त्याच्या पुढे १, −३, ६, −७, ६, −३, १.

बेरीज करून बघा. प्रत्येक ओळीची बेरीज एकच येते. पाण्याचा एक थेंब हरवलेला नाही, वाढलेला नाही, ताळेबंद चोख. आणि तरी मधल्या थरात उणे सात ओल आहे. माझ्या लॅपटॉपवर असलाच आलेख बघून काकांनी विचारलं होतं, "उणे सात ओल म्हंजी काय रे? कोरड्याहून कोरडं?" ताळा जुळला म्हणून हिशेब खरा असं नसतं, हे आमच्या सोसायटीच्या कितीतरी सभासदांना माझ्याआधी कळलेलं आहे.

मग बिघाड पकडायचा कसा? बेरजेऐवजी वर्गांची बेरीज घ्या. पहिल्या ओळीत १. मग १+१+१ म्हणजे ३. मग १९. मग १४१. ही बेरीज आरडाओरडा करून सांगते की काहीतरी फुटलंय. सावकाश पावलांच्या हिशेबात तीच बेरीज १ वरून ०.३७५ आणि मग ०.२७३ अशी उतरत जाते.

वर्गांची बेरीज हे वर्गरूपाचं सगळ्यात साधं उदाहरण. वर्गरूप म्हणजे अशी राशी जिच्या प्रत्येक पदात अक्षरांचे घात मिळून दोनच होतात: क्ष², य², किंवा क्ष गुणिले य. हे फार जुनं दुकान आहे आणि आपल्याकडे त्याची मोठी पेढी होती. क्ष² − ६१य² ची किंमत बरोबर १ कधी येते, पूर्णांकांत? भास्कराचार्याने ११५० च्या सुमारास बीजगणितात चक्रवाल पद्धतीने उत्तर दिलं: क्ष = १,७६,६३,१९,०४९ आणि य = २२,६१,५३,९८०. याहून लहान उत्तर नाही (क्ष = १, य = ० हे सोडून). भास्कराचार्य स्वतःचं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडवीड असं सांगतो. बीडच्या माणसाला विचारलंत तर ते गाव म्हणजे बीडच. चाळीसगावजवळ पाटणला त्याच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे, त्यामुळे खानदेशवाले हसतात. मी मराठवाड्याचा असल्याने या वादात माझं मत धरू नये.

मुद्दा असा की भास्कराचार्याला लागलेलं वर्गरूप आणि मला लागलेलं वर्गरूप यांचा स्वभाव उलटा आहे. क्ष² − ६१य² हे खिंडीसारखं आहे. बालाघाटातल्या खिंडीत उभं राहिलं की दोन बाजूंना डोंगर चढतात आणि रस्ता दोन्हीकडे उतरतो. किंमत अधिकही होते, उणेही होते, आणि त्या खेळामुळेच एवढ्या अवाढव्य संख्या येऊन शेवटी १ वर टेकतात. क्ष² + य² हे परातीसारखं आहे. मधोमध तळ, आणि कुठल्याही दिशेला सरका, चढच. पूर्णांकांचं गणित करणाऱ्याला खिंड आवडते. रानातल्या पाण्याचा हिशेब करणाऱ्याला परात लागते. परातीत सोडलेला हरभरा घरंगळून तळाशी येतो. खिंडीत सोडला तर तो कुठे जाईल याची हमी नाही.

आता आठवणीकडे परत. अपूर्णांकी समीकरणात थरांमधल्या ओलीची असमानता, म्हणजे शेजारच्या थरांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज, वाढू नये अशी आपली अपेक्षा असते. पसरल्याने खाचखळगे बुजायला हवेत. हिशेब मांडला की दिसतं, ही असमानता वाढणार नाही याची हमी एका वर्गरूपावर येऊन थांबते: प्रत्येक दिवसाचा बदल, गुणिले त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या बदलांची वजनदार बेरीज, आणि अशा सगळ्या दिवसांची मिळून बेरीज. ही राशी कधीच उणे होत नसेल, तर हिशेब फुटत नाही. (यासाठी थरांमधली देवघेव कालच्या ओलीने न मांडता नव्या, अजून न काढलेल्या ओलीने मांडावी लागते. त्यामुळे प्रत्येक पावलाला समीकरणांचा एक जुडगा सोडवावा लागतो, पण ते कॉम्प्युटरला जड नाही.)

दोनच दिवसांपुरतं बघू. पहिल्या दिवशीचा बदल क्ष, दुसऱ्या दिवशीचा य. वजनं १ आणि ०.४१४. राशी होते:

क्ष² + य² + ०.४१४ क्ष·य

दहावीला वर्गसमीकरणं सोडवायला पूर्ण वर्ग पद्धत शिकलात, तीच लावा. (क्ष + ०.२०७ य)² + ०.९५७ य². दोन्ही पदं वर्ग, दोन्हींच्या मागे अधिक चिन्ह. परात आहे.

आता माझी करामत. मे महिन्यात रात्री दीडला लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मी वजनांची यादी एका घराने चुकवली आणि पहिल्या दोन वजनांची अदलाबदल झाली. आजच्या बदलाला ०.४१४, कालच्याला १. राशी झाली ०.४१४ क्ष² + ०.४१४ य² + क्ष·य. यात क्ष = १ आणि य = −१ ठेवा, म्हणजे आज थोडं भिजलं, उद्या तेवढंच वाळलं. उत्तर ०.८२८ − १, म्हणजे उणे ०.१७२. खिंड! रान नुसतं भिजवायचं आणि वाळवायचं, आणि प्रत्येक फेरीला कुठूनतरी फुकटचं काहीतरी मिळत राहायचं. कॉम्प्युटरला अशी फट सापडली की तो ती सोडत नाही. आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली होऊ लागला आणि दात दर पावलाला वाढत गेले. मी दोन दिवस समीकरणात चूक शोधत होतो. समीकरणाचा काही दोष नव्हता. कालच्या गोष्टीला आजच्यापेक्षा जास्त वजन देणारा हिशेब होता, आणि असली आठवण जमिनीला नसते. माणसांना असते, तो वेगळा विषय.

दोन दिवसांचं झालं, पण हंगाम शेकडो पावलांचा. दर वेळी पूर्ण वर्ग कोण करत बसणार? इथे एक फार देखणी गोष्ट कामाला येते. वजनं अधिक असावीत, घटत जावीत, आणि घटही मंदावत जावी, आधी मोठी उतरण, मग लहान, मग आणखी लहान. एवढ्या तीन गोष्टी असल्या की कितीही पावलं घ्या, वर्गरूप उणे होत नाही. लोपेझ-मार्कोस या गणितज्ञाने १९९० मध्ये असल्याच हिशेबासाठी हे वापरलं, आणि तेव्हापासून या विषयातल्या कितीतरी सिद्धता त्यावर उभ्या आहेत. आपल्या वजनांतली उतरण बघा: १ वरून ०.४१४, म्हणजे ०.५८६ ची. मग ०.०९६, मग ०.०५०, मग ०.०३२. घट आहे आणि ती मंदावतेही आहे. प्रोग्राम चालवण्याआधी वजनांची यादी एकदा छापून डोळ्यांखालून घालायची, बस. ती मी घातली असती तर दोन दिवस वाचले असते.

आठवणीची दुसरी अडचण खर्चाची. मृगापासून दसऱ्यापर्यंत साधारण १२० दिवस धरा, दर दहा मिनिटांना एक पाऊल. दिवसाला १४४, एकूण १७,२८०. साध्या विसरणात एका थराचं तेवढंच काम. आठवणीच्या विसरणात प्रत्येक पावलाला मागची सगळी पावलं पुन्हा चाळायची, म्हणजे सुमारे १५ कोटी वेळा, आणि हे एका थराचं. शंभर थरांचे १५०० कोटी. माझा जुना लॅपटॉप पंख्याचा आवाज करत रात्रभर बसायचा.

यावरचा इलाज आमच्या गावातल्या दुकानदाराला माहीत आहे. तो दहा वर्षांपूर्वीच्या प्रत्येक पावाच्या पुड्याची चिठ्ठी सांभाळत नाही. पान उलटताना 'मागील बाकी' लिहितो आणि पुढे चालू. गणितातली अडचण अशी की आपली वजनं ज्या तऱ्हेने घटतात तिला एका बाकीत बसवता येत नाही. दर पावलाला ठरावीक टक्क्याने घटणारी आठवण असती तर एक बाकी पुरली असती. पण वेगवेगळ्या टक्क्यांनी घटणाऱ्या काही डझन बाक्या एकत्र घेतल्या, काही तासांत विसरणाऱ्या, काही आठवड्यांत, काही महिन्यांत, तर त्यांची बेरीज आपल्या वजनांच्या इतकी जवळ जाते की फरक मोजायलाही भिंग लागावं. मग मागच्या १७,२८० नोंदींऐवजी चाळीस-पन्नास बाक्या सांभाळायच्या. रात्रीचं काम चहा होईपर्यंत संपतं. फक्त या तडजोडीनंतरही वर्गरूप परातीसारखंच राहिलंय ना, हे पुन्हा तपासावं लागतं. तिथे कंटाळा करणारे पुन्हा करवतीचे दात बघतात.

आणखी एक खोच. कोरड्या रानावर पाणी पडल्याच्या पहिल्या काही मिनिटांत सगळं इतकं झपाट्याने बदलतं की सारख्या पावलांचा हिशेब तिथेच घसरतो. सुरुवातीला बारीक पावलं, मग लांब लांब, असं केलं की काम भागतं.

राहता राहिला अल्फा. तो पुस्तकात मिळत नाही, रानातून काढावा लागतो, आणि त्यासाठी नोंदी हव्यात. मी परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून काही मिळेल का याचा विचार करत होतो, तेवढ्यात काकूंनी माळ्यावरून एक पिशवी खाली काढली. आत बँकांनी फुकट वाटलेल्या डायऱ्या. काकांनी वर्षानुवर्षं पाऊस लिहून ठेवलाय: कुठलं नक्षत्र, डब्यात किती बोटं पाणी, आणि पुढच्या ओळीत 'वापसा' लिहून दिवस. एकाच मापाचा पाऊस, पण आधीचा पंधरवडा कोरडा असेल तर वापशाचा दिवस लवकरचा, ओला असेल तर उशिराचा. माझ्या समीकरणाला जे खाद्य हवं ते नेमकं हेच.

सहाव्या दिवशी सकाळी काकांनी पुन्हा माती उकरली, लाडू वळला आणि सोडला. फुटला. त्यांनी हात झटकले, खिशातून पेन काढून डायरीत तारीख टाकली आणि बैल जुंपायला गेले. मी ती ओळ मोबाइलमध्ये उतरवून घेतली.